गेरच्या दिवशी फोन कुणाला करायचा?

(दृश्य: राजवाड्यासमोरची गर्दी, उंचावरून. ढोलांचा आवाज पूर्ण.)

इंदूरला धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. होळकरांच्या काळापासून चालत आलेली गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, राजवाड्यापुढे येते आणि टँकरमधून उडवलेला रंग वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत पोचतो. पुण्याला, बंगळुरूला नोकरीसाठी गेलेली मुलं खास या दिवसासाठी रजा टाकून घरी येतात. सकाळपासून गच्चीवर चुलतभाऊ, मावसभाऊ, शाळेतले मित्र. कुठे भांगेची ठंडाई, कुठे पाण्याच्या टाकीमागे लपवलेली बाटली.

याच शहरात काही घरांमध्ये आदल्या रात्रीपासून कुणाच्या तरी पोटात गोळा आलेला असतो. त्याने दारू सोडलेली असते.

'मग गच्चीवर जाऊच नको,' असं आपण सहज म्हणतो. पण ढोल खोलीतही ऐकू येतो. रंगाचा वास, मित्रांच्या हाका, सुट्टीची दुपार, या प्रत्येक गोष्टीची मेंदूने वर्षानुवर्षं दारूशी सांगड घातलेली असते. पिणं थांबलं म्हणून ती सांगड लगेच सुटत नाही. दोन-दोन वर्षं एक थेंब न घेतलेला माणूसही अशा दिवशी हलतो. त्यात त्याची नियत खोटी नसते. मद्यपाश, म्हणजे दारूचं व्यसन, हा आजार आहे आणि तो असाच वागतो.

(दृश्य: शाळेचा रिकामा वर्ग. लाकडी बाकं भिंतीला सरकवलेली, मध्ये गोलात प्लास्टिकच्या खुर्च्या.)

या चित्रफितीत तुम्हाला कुणाचाही चेहरा दिसणार नाही. हात दिसतील, चहाचे कप दिसतील, दाराबाहेर काढलेल्या चपला दिसतील. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेत माणसाची ओळख बाहेर जाऊ देत नाहीत. इथे आडनाव विचारत नाहीत. फी नाही, हजेरी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच अट. चहाला लागणारे पैसे सभासदच आपसांत काढतात, बाहेरची देणगी घेत नाहीत.

एकेक जण बोलतो. मराठीत सुरुवात करतो, मध्येच हिंदीत जातो, पुन्हा मराठीत येतो, इंदूरच्या घराघरांत बोलतात तसंच. बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी सल्ला देत नाही, आणि माझ्या मते या खोलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पिणाऱ्या माणसाने आयुष्यभर सल्लेच ऐकलेले असतात. वडिलांचे, साहेबांचे, सासऱ्यांचे. त्याची गोष्ट शेवटपर्यंत कुणी ऐकलेली नसते.

हे सुरू कसं झालं, ते सांगायला हवं. १९३५ सालचा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेला बिल विल्सन एका सौद्यासाठी तिथे आला होता. सौदा फिसकटला. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. गावातल्या धर्मगुरूंना एकामागून एक फोन लावत त्याने विचारलं की माझ्यासारखा एखादा दारूत बुडालेला माणूस मला भेटेल का?

त्याला मदत करणारा नको होता, मदत लागणारा हवा होता. दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललो तर आजची रात्र माझी निभेल, हे त्याला कळलं होतं. त्या फोनांतून गाठ पडली ती डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. त्या डॉक्टरांनी शेवटचं मद्य घेतलं तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापनादिवस मानतात.

पुढे हे लोण जगभर पसरलं. भारतातही आलं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि व्यसन हा आजार आहे हे शब्द मराठी घरांत मोठ्याने बोलले जाऊ लागले. इंदूरच्या मराठी कुटुंबाचं कुणी ना कुणी पुण्यात असतंच, त्यामुळे ते नाव इथेही पोचलं.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. कढईत तेल. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला, स्पीकर चालू.)

हे घर एका निवृत्त काकांचं. दारू सोडून त्यांना खूप वर्षं झाली. रंगपंचमीला ते बाहेर पडत नाहीत, आणि त्यांचा फोन दिवसभर चालू असतो. गटातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडे तिशीतला मुलगा, जिन्यात उभा. वर गच्चीवर भाऊ बोलावताहेत.

"काका, ते म्हणतायत, एकच घे. सणाचा दिवस आहे."

काका 'घेऊ नको' म्हणत नाहीत. विचारतात, "सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही."

"झोप?"

"नाही झाली नीट."

"बरं. फोन ठेवू नकोस. मी पोहे टाकतोय, तू बोलत राहा."

मोहरी तडतडते. कांदा पडतो. मुलगा बोलतोय, आधी भावांवर चिडून, मग बायकोबद्दल, मग मागच्या वर्षीच्या रंगपंचमीला काय झालं होतं त्याबद्दल. काका मधूनच "हं" म्हणतात. पोहे परततात, झाकण ठेवतात, वाफ येऊ देतात. मग लिंबू, शेव, वरून जिरावन मसाला.

उपाशीपोट, राग, एकटेपणा, थकवा. या चारांपैकी काहीही असलं की तलफ जोर करते, हे गटात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगतात. म्हणून काकांनी आधी खाण्याचं विचारलं. आणि तलफ चढते तशी उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ माणूस एकटा असता कामा नये.

पोहे झाले तेव्हा मुलगा म्हणाला, "मी खाली जाऊन जेवतो, आईने वाढलंय."

काकांनी फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "आज सकाळपासून माझंही मन लागत नव्हतं. बरं झालं त्याने फोन केला."

कॅमेऱ्यासमोर बोलायचं म्हणून ते असं बोलले नाहीत. अ‍ॅक्रनच्या त्या लॉबीत जे घडलं तेच इथे ओट्यापाशी घडत होतं. फोन करणाऱ्याला वाटतं, आपण त्रास देतोय, सणासुदीला कुणाच्या घरी कशाला. खरं तर फोन उचलणाऱ्याचाही तो दिवस त्यातून निभावतो.

(दृश्य: हुकुमचंद मिलची जुनी चिमणी.)

कठीण दिवस फक्त सणांचे नसतात. १९९१ साली इंदूरची ही कापडगिरणी बंद पडली आणि कामगारांची थकबाकी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. दारू सोडलेल्या माणसाच्या हातात अचानक मोठी रक्कम आली, की तो दिवस घरात मयत झाल्याच्या दिवसाइतकाच धोक्याचा. गटातले जुने लोक अशा वेळी सांगतात, बँकेत एकटा जाऊ नकोस. दोघं जण बरोबर जातात, बाहेर थांबतात, घरापर्यंत सोडतात. वाटेत कलाली, म्हणजे दारूचं दुकान, लागते. तिघं गप्पा मारत पुढे जातात.

आपल्याकडे मात्र घरातले शपथ घालतात. खजराण्याच्या गणपतीपुढे उभं करतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. त्यामागची माया मला समजते. पण शपथ माणसाला एकटं पाडते. ती मोडली की पिण्याच्या जोडीला देवाला आणि लेकराला फसवल्याची लाज येते, आणि ती लाज बुडवायला पुन्हा बाटलीच लागते. गटात 'आयुष्यभर पिणार नाही' असं कुणी वदवून घेत नाही. आजचा दिवस, बस. आणि कुणी घसरलाच, तर त्याची खुर्ची तशीच असते. तो येतो, 'मी प्यालो' म्हणतो, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. इंदूरला बाणगंगेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. गट डॉक्टरची जागा घेत नाही, पण डॉक्टरकडून घरी आल्यावरची वर्षं गटाशिवाय फार अवघड जातात. २०२० मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, दहा हजारांहून जास्त माणसांचा. सलग न पिता राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांहून सरस दिसले. आणि आपल्या देशात? २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यपाशात अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळाला होता.

(दृश्य: शेजारची खोली. बायकांचे हात, बांगड्या, एक उघडी वही.)

घरच्यांचा गट वेगळा असतो, अल-अनॉन. एका वहिनींनी सांगितलं, "हे घरी आले की मी आधी तोंडाचा वास घ्यायची, मग पाणी द्यायची. आता पाणी आधी देते." पिणाऱ्या बायकाही आहेत. त्यांना बैठकीपर्यंत पोचणं पुरुषांहून कितीतरी अवघड, कारण बदनामीची भीती दुप्पट. त्यांच्यासाठी एखादी जुनी सभासद दाराबाहेर थांबते, बरोबर आत घेऊन येते.

सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. फोन मोफत आहे.

पहिल्या बैठकीत बोलावं लागत नाही, मागे बसून ऐकलं तरी चालतं. निघताना चार-पाच जण कागदावर आपापले नंबर लिहून देतात. तो कागद पाकिटात ठेवून देऊ नका. त्याच संध्याकाळी, तलफ नसताना, एखाद्याला फोन लावा आणि घरी पोचलो एवढं सांगा. बरा दिवस असताना एकदा फोन लावलेला असला, की वाईट दिवशी बोट त्या नंबरावर अडखळत नाही.