नवीन एअर पिस्तूल : आधी ग्रिप, मग नेम

[पेटी उघडताना]
नळीतून आरपार गेलेली ही नारिंगी दोरी म्हणजे सेफ्टी फ्लॅग. चेंबरमध्ये छर्रा नाही, हे लांबूनच कळावं म्हणून ती असते. फायरिंग पॉइंटवर पोचून रेंज ऑफिसरची परवानगी मिळेपर्यंत ती काढायची नाही.

शेजारी सिलिंडर, हवा भरायचा अडॅप्टर, अ‍ॅलन की आणि कारखान्यातलं टेस्ट टार्गेट. पिस्तूल पक्कं आवळून मारलेले छर्रे जवळपास एकाच भोकातून गेलेत. दहा मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. पिस्तूल ते चुकत नाही. चुकतो तो हात, आणि त्या हाताची व्यवस्था आज करायची आहे.

[सिलिंडर भरताना]
बहुतेक सिलिंडर २०० बारचे (बार म्हणजे दाबाचं माप). झडप हळू उघडा. हवा एकदम सोडली की सिलिंडर तापतो. काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. सिलिंडर पिस्तुलाला हातानेच फिरवून बसवायचा, पाना लावायचा नाही. ओ-रिंगला (जोडावरच्या रबरी कड्याला) किंवा अडॅप्टरला घरातलं तेल तर अजिबात नको, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हातपंपाने भरलं तर हवेतला ओलावा आत जातो, म्हणून स्कुबा टाकीतली कोरडी हवा बरी.

[ग्रिप, अगदी जवळून]
आता खरं काम. अक्रोडाच्या लाकडाची ही ग्रिप मीडियम मापाची आहे, म्हणजे कुणाच्याच हाताची नाही. तळहाताला खडूची पूड लावून ग्रिप धरा आणि सोडा. पूड जिथे उमटली नाही तिथे पोकळी आहे. तिथे लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरा. टोचेल तिथे ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, तोही चार-पाच हात फिरवून पुन्हा धरून बघायचं. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी वर, मागच्या कुबडाखाली घट्ट बसली पाहिजे. तर्जनी मात्र लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकली, की ट्रिगर दाबताना अख्खं पिस्तूल ढकललं जातं.

खालचा पाम शेल्फ, म्हणजे तळहात टेकायची सरकती फळी, हाताला नुसता लागू द्या. आवळलात तर बोटांतला रक्तप्रवाह अडतो आणि हात थरथरतो. उन्हाळ्यात हात थोडा फुगतो, तेव्हा स्क्रू पुन्हा बघावा लागतो.

[डोळे मिटून हात उचलताना]
ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची. डोळे मिटा, हात उचला, स्थिर झाला की डोळे उघडा. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, मागच्या खाचेच्या (रिअर साइटच्या) मधोमध दिसायला हवी. उजवीकडे गेली असेल तर मनगट वळवून सरळ करू नका. ग्रिपचे स्क्रू सैल करून ग्रिपच फिरवा. मनगटाने केलेली दुरुस्ती पहिल्या दहा शॉट्सना टिकते, साठाव्याला नाही. नवशिके महागडे छर्रे बदलत बसतात आणि ग्रिप दुकानातून आली तशीच ठेवतात, याचं खरंच वाईट वाटतं.

[ड्राय फायर, पांढऱ्या भिंतीसमोर]
ड्राय फायर म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव. त्याचा खटका लावा, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. नजर फ्रंट साइटवर. ट्रिगर सुटताना ती खाचेत हलली का, एवढंच बघायचं. उजव्या हाताच्या नेमबाजाची डावीकडे खाली झुकत असेल, तर आधी ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवून बघा; बोटाच्या पेराच्या मऊ भागाने ते सरळ मागे दाबलं गेलं पाहिजे.

[वजन टांगताना]
ट्रिगर सुटायला किती वजन लागतं ते मोजायचं; नियम किमान पाचशे ग्रॅमचा. नळी उभी, ट्रिगरच्या मधोमध वजन. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो : पहिला टप्पा चारशेच्या आसपास, उरलेलं दुसऱ्यावर; एकूण ५१० ते ५२० ठेवा, कारण स्क्रू हळूहळू सैल होतात. सामन्यानंतरच्या तपासणीत कमी भरलं तर बाद.

[रेंजवर]
साइट जुळवायच्या त्या पाच-पाच शॉट्सच्या ग्रुपवरून, एका छर्ऱ्यावरून कधीच नाही. ग्रुप डावीकडे असेल तर रिअर साइट उजवीकडे. छर्रे चपट्या डोक्याचे, साडेचार मिलिमीटरचे. बोटाने पूर्ण आत सरकवा, नाहीतर झाकण लावताना त्याचा घेर चेपतो. ते शिशाचे आहेत, तेव्हा खाण्याआधी हात साबणाने धुवा.

आणि सिलिंडरवरची तारीख आजच वहीत लिहा. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचं आयुष्य दहा वर्षांचं आहे.