इबोगा : मुळाची साल आणि हृदयाचा ठेका

पडद्यावर दिसणारे हे झुडूप मध्य आफ्रिकेतील गॅबॉनच्या दमट जंगलात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते. आपल्या अंगणातील सदाफुली आणि तगर ज्या कुळातील, त्याच कुळातील हा इबोगा. त्याची नारिंगी फळे नजरेत भरतात, पण तिथल्या ब्विती या धार्मिक पंथाच्या लोकांना हवी असते ती त्याच्या मुळाची साल.

दीक्षेच्या रात्री ही कडूजहर साल किसून दीक्षार्थीला पुन्हा पुन्हा खाऊ घालतात. त्याला उलट्या होतात, चालताना तोल जातो, आणि पुढे मिटल्या डोळ्यांसमोर जे दिसू लागते त्यात पूर्वज भेटतात, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. शेजारी तंतुवाद्य वाजत असते, आणि जाणती माणसे त्याच्या अंगाकडे लक्ष ठेवून रात्रभर बसलेली असतात. या जागणाऱ्या माणसांकडे बाहेरच्यांचे लक्ष क्वचितच जाते.

सालीतील इबोगेन हे द्रव्य 1901 मध्ये वेगळे करण्यात आले. 1962 मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या 19 वर्षांच्या अमेरिकी तरुणाने ते घेतले, तेही व्यसन सोडण्यासाठी नव्हे, तर एक नवी नशा म्हणून. हेरॉइन, किंवा आपल्याकडचा गर्द, बंद झाला की काही तासांतच नाक गळू लागते, अंगावर काटा येतो, हाडे ठणकतात, जुलाब होतात. यातले काहीच झाले नाही आणि तलफही आली नाही, हे पाहून लॉट्सॉफ चकित झाला. या उपयोगाचे पेटंट त्याने 1985 मध्ये मिळवले.

अमेरिकेत इबोगेनवर बंदी असल्यामुळे तेथील रुग्ण मेक्सिकोतील खाजगी क्लिनिकांत जातात. वनस्पतीपासून मिळते म्हणजे निरुपद्रवीच असणार, हा समज तिथपर्यंत त्यांच्या सोबत असतो. धोतराही वनस्पतीच आहे. इबोगेन हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचे मार्ग अडवते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्वस्थितीत यायला अधिक वेळ लागतो आणि ठेका जीवघेण्या रीतीने बिघडू शकतो. हेरॉइनच्या व्यसनावर उपचार म्हणून दिले जाणारे मेथाडोन शरीरात असेल तर हा धोका वाढतो. 1990 ते 2008 या काळात इबोगेन घेतल्यानंतर झालेल्या 19 मृत्यूंचा आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील अनेकांना आधीपासून हृदयविकार होता किंवा त्यांच्या शरीरात इतर अमली द्रव्ये आढळली होती. न्यूझीलंडमध्ये 14 रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात काहींची तलफ खूपच कमी झाली, पण एक रुग्ण उपचारादरम्यान दगावला.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 30 माजी सैनिकांना इबोगेनसोबत मॅग्नेशियम दिले होते, आणि हृदयाची गंभीर गुंतागुंत कोणालाही झाली नाही. मात्र तो अभ्यास मेंदूच्या दुखापतीवर होता, व्यसनावर नव्हे, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, हे उत्साहाच्या भरात सांगायचे राहून जाते. 2025 मध्ये टेक्सास राज्याने इबोगेनच्या चाचण्यांसाठी 5 कोटी डॉलर मंजूर केले.

यकृतात इबोगेनचे नॉरइबोगेन होते; तेही हृदयाचा ठेका बिघडवू शकते आणि रक्तात बराच काळ टिकते. त्यामुळे डोळ्यांसमोरची दृश्ये ओसरून रुग्ण उठून बसला, दोन घास खाऊ लागला, तरी छातीवरच्या ईसीजीच्या तारा लगेच काढता येत नाहीत.