माप कोणाचं धरायचं?

इंदुरातल्या एका मराठी मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं हे भाषण, थोडं संपादित करून.

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर ‘माता आणि वसुंधरा’ असा भारदस्त विषय छापलाय. मी बाळंतपणं करणारी बाई आहे, वसुंधरेबद्दल मला फारसं कळत नाही. तिच्यातलं जे बाईच्या पोटापर्यंत पोचतं, तेवढंच कळतं. त्यामुळे मी तेवढ्यावरच बोलणार.

14 जुलै 2024 च्या रविवारी तुमच्यापैकी बरेच जण इथल्या रेवती रेंजवर गेला असाल. ‘एक पेड़ माँ के नाम’ ही झाडं लावायची मोहीम. एका दिवसात 12 लाखांहून जास्त रोपं लागली, गिनीज बुकात नाव गेलं. मीही एक लावून आले, त्यामुळे चेष्टा करायचा प्रश्नच नाही. पण रोप लावायला एक रविवार पुरतो आणि ते जगवायला पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. आईच्या बाबतीतही आपला उत्साह असाच रविवारचा. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतो, धनुष्यबाण हातात देऊन फोटो काढतो, आणि हिमोग्लोबिनचा कागद पिशवीत तसाच घडी घातलेला राहतो.

आकडे एकदाच सांगते. 2018-20 च्या सरकारी नोंदीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता दगावत होत्या. महाराष्ट्रात 33. आपल्या मध्य प्रदेशात 173. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून 2017 पासून पहिला नंबर घेत आलेलं आपलं इंदूर याच राज्यात आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायला आपण शिकलो, आणि ते सोपं नव्हतं. मग हेही शिकता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हवा किती घाण चालेल, पाण्यात काय चालेल, कोणाला किती उन्हात राबवावं, हे ठरवताना माप गरोदर बाईचं धरा. तिला जे सोसेल ते बहुतेक सगळ्यांना सोसतं. उलटं धरलं तर फसगत होते.

आणि आपण उलटंच धरत आलो. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1975 मध्ये एक ‘संदर्भ पुरुष’ ठरवला. वय 20 ते 30, वजन 70 किलो, उंची 170 सेंटिमीटर, राहणी पश्चिम युरोपातली नाहीतर उत्तर अमेरिकेतली. हिशोब याच्या शरीरावर. पुढे बायकांची मापंही आली, पण सावकाश. आमच्याकडे बेचाळीस किलोची पोटुशी मुलगी तपासायला येते तेव्हा मला हे गृहस्थ हटकून आठवतात.

आता जपानमधलं मिनामाता. समुद्रकाठचं मासे खाणारं गाव. कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी खाडीत जायचं. 1956 मध्ये तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. हात थरथरणं, तोल जाणं, बोबडी वळणं. पण त्याच गावात अशी बाळं जन्माला येत होती ज्यांनी मासा तोंडातही घातला नव्हता, आणि ती मोठ्यांपेक्षा जास्त लुळी होती. त्यांच्या आया मात्र बऱ्यापैकी धडधाकट. त्या काळी डॉक्टरांची समजूत होती की वार, म्हणजे प्लासेंटा, ही गाळणी आहे, विष आईकडेच अडतं. त्यामुळे या मुलांचा आजार वेगळाच काहीतरी, असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. 1962 मध्ये मान्य झालं की पारा वारेतून सरळ पलीकडे जातो, आणि बाळाच्या अंगात आईपेक्षाही जास्त साठतो. आई धडधाकट दिसत होती, कारण तिच्या वाट्याचं बाळ घेत होतं.

यात एक गोष्ट मला कायम चटका लावून जाते. जपानी घरांमध्ये बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवायची रीत आहे. आपल्याकडे ती पुरतात. मिनामाताच्या आयांनी त्या डब्या संशोधकांना उघडून दिल्या, आणि 1970 च्या दशकात त्या नाळांतला पारा मोजला गेला. कोणत्या साली जन्मलेल्या मुलाच्या अंगात किती विष गेलं, हे त्यातून कळलं. खाडीच्या पाण्याची जुनी नोंद कोणाकडे नव्हती, ती आयांच्या कपाटात होती.

जपान लांब वाटत असेल तर भोपाळ घ्या. 2 डिसेंबर 1984 ची रात्र, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या कारखान्याजवळ राहणाऱ्या, तेव्हा गरोदर असलेल्या 865 बायकांची पुढे पाहणी झाली, तेव्हा सुमारे 43 टक्के गर्भ जिवंत जन्माला आलेच नाहीत असं दिसलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच कारखान्याचा 337 टन कचरा बारा कंटेनरांत भरून आपल्या शेजारी पीथमपूरला आला, तेव्हा आपण सगळे दचकलो. दचकायलाच हवं होतं. पण तो कचरा चाळीस वर्षं भोपाळमध्ये पडून होता, तेव्हा तिथल्या आयांसाठी आपण किती दचकलो, हेही विचारून बघा स्वतःला.

सगळंच उदास सांगायचं नाहीये, म्हणून आता हळद. बांगलादेशातल्या खेड्यांत काही संशोधकांनी गरोदर बायकांचं रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. आसपास ना कारखाना, ना रंगाचं काम. शोधता शोधता ते स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यापर्यंत पोचले. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळला जात होता. शिसं तसं लबाड असतं. ते हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं, आणि गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागलं की त्याच्याबरोबर तेही निघतं. म्हणजे लहानपणी खाल्लेलं विष विसाव्या वर्षी पोटातल्या बाळाला पोचतं. 2019 मध्ये हे उघड झाल्यावर तिथल्या सरकारने घाऊक बाजारात धाडी घातल्या, दंड केले, पत्रकं लावली. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं. 2021 मध्ये एकाही नमुन्यात नव्हतं. तपासलं गरोदर बायकांना, आणि ताट साफ झालं सगळ्या घरादाराचं. माप बाईचं धरा म्हणते ते यासाठी.

राहिलं ऊन. आपल्याला शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्याच्या रात्रीचा, भारी अभिमान. दिवसा कितीही तापू दे, रात्री गच्चीवर गार वारा. आता सिमेंटच्या घरात रात्री बारालाही भिंतीला हात लावून बघा. पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त गरम असतं, आणि ती उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य वाट एकच: आईचं रक्त. आईच निवली नाही तर बाळ कुठून निवणार? 2020 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा मिळून आढावा आला. तापमान एका अंशाने वाढलं की अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. चेन्नईच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या 800 कष्टकरी गरोदर बायका पाहिल्या. कडक उन्हात, भट्टीशी काम करणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण दुप्पट होतं.

माझ्याकडे बांधकामावरची एक मुलगी आली होती, सातवा महिना, लघवीला जळजळ, अंगात ताप. विचारलं, पाणी किती पितेस? म्हणाली, “सुबह एक लोटा, फिर शाम को।” दिवसभर का नाही? ती खाली बघायला लागली आणि तिची सासू बोलली, “साइट पे जगह कहाँ है, मैडमजी?” आडोसा नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून जंतुसंसर्ग, आणि त्यातून कळा लवकर सुरू व्हायची भीती. मी गोळ्या लिहून दिल्या. दुसरं काय करणार होते? त्या साइटवर दारात एक हिरवी पाटी होती, ‘पर्यावरणपूरक गृहसंकुल’.

आपल्या पांढरपेशा घरांबद्दलही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई फक्त गरिबांच्या घरात डोकावते. बाळंतिणीची खोली आठवा. खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, त्यात ओवा आणि बाळंतशेपेची धुरी, आणि त्या धुरात तीन दिवसांचं बाळ. हे सगळं मायेपोटीच चालतं, म्हणून तर बोलायला अवघड. 2019 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले, म्हणजे आई ज्या हवेत श्वास घेते ती जन्माआधीच बाळाच्या दारात पोचलेली असते. जन्मल्यावर आपण खिडकी लावून आणखी वाढायची?

पहिल्या रांगेतून एका आजींनी विचारलंय, मग शेक द्यायचाच नाही का? द्या की. गरम पाण्याची पिशवी द्या, तव्यावर कापड गरम करून द्या, खिडकी मात्र उघडी ठेवा. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल द्या. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर द्या.

आणि मागे उभे असलेल्या दादांनी विचारलं, पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, नेमकं काय सांगायचं? तीन गोष्टी सांगा. टँकर सकाळी आठच्या आत यायला हवा, भर दुपारी नाही, कारण रांगेत कोण उभं असतं ते तुम्हाला माहीत आहे. बांधकामाला परवानगी देताना बायकांसाठी संडास, सावली आणि पिण्याचं पाणी आहे का ते जागेवर जाऊन बघा, कागदावर नको. आणि वॉर्डातल्या आशाताईंकडे आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायकांची यादी असते; मे महिन्यात पारा चढला की पहिला फोन त्या यादीतल्या घरांना जाऊ दे. एवढं झालं की मला परत बोलवा, चौथी गोष्ट तेव्हा सांगते.