मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, तास निरनिराळे

श्रोतेहो, आपल्या कोल्हापुरातल्या कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत, त्यामुळे ‘मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब?’ हा प्रश्न इथे घरोघरी विचारला जातो. किलोमीटरमध्ये त्याचे उत्तर सुमारे १२,५०० असे आहे आणि ते कायम राहते. तासांचे उत्तर मात्र जाताना वेगळे, येताना वेगळे.

आधी वाट पाहू. भिंतीवरच्या नकाशात ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून अटलांटिक महासागरावर जाते. एकच दिशा धरून त्या वाटेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. आता पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईतून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघतो, आइसलँड ज्या अक्षांशावर आहे त्या ६५ अंशांच्या जवळपास चढतो आणि मग दक्षिणेकडे वळून न्यूयॉर्कला पोचतो. सतराशे किलोमीटर वाचतात ते असे. प्रत्येक शाळेत मुलांना हे एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात; त्यांना जेट प्रवाह म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानाचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या संदर्भात, त्यामुळे ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला वाटभर सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर प्रवासाला पावणेपंधरा तास लागतात. तोच पाठीशी असला, तर सव्वातेरा तासांच्या आत भागते. हा हिशेब लांबच्या पल्ल्यालाच लागू पडतो, कारण कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबई सरळ रेषेत जेमतेम ३०० किलोमीटर असूनही, चढण्या-उतरण्यातच बराचसा वेळ जात असल्याने, तासभर लागतो.

शिवाय दोऱ्याची वाट नेहमीच मोकळी नसते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

राहिले घड्याळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. मुंबईहून पहाटे दोनला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचणारे उन्हाळ्यातले विमान तिकिटावर साडेपाच तासांचे दिसते. त्यात साडेनऊ मिळवले की खरे पंधरा तास निघतात. परतीच्या तिकिटावर हेच साडेनऊ तास वजा करावेत.