दर भरताना ठरतं

(दृश्य: सकाळ. स्लॅब भरायची तयारी. मिक्सर सुरू होतो.)

बांधकामाचा धंदा सुरू करायला फार काही लागत नाही, असं या व्यवसायात नेहमी ऐकू येतं. चार गवंडी, दहा बिगारी, भाड्याचा मिक्सर, भाड्याचं सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे साचे आणि टेकू, आणि सिमेंटवाल्याकडे उधारी. सुरू व्हायला खरंच एवढं पुरतं. कायद्यात राहून टिकायचं असेल तर मात्र सुरू होण्याआधीच्या एका कामाकडे बघावं लागतं. ते काम साइटवर होत नाही. ते होतं घरी, रात्री, दरपत्रक भरताना.

मालक चौरस फुटाचा दर विचारतो. दुसरा ठेकेदार शंभर रुपयांनी खाली आलेला असतो, म्हणून नवा माणूसही खाली येतो. पण कुठून? सिमेंट, सळई, खडी यांचे भाव सगळ्यांना जवळपास सारखेच. मग कात्री लागते ती वरून न दिसणाऱ्या गोष्टींना. कामगारांचा विमा, भविष्य निर्वाह निधी, हेल्मेट, जाळी, काँक्रीटच्या ठोकळ्याची म्हणजे क्यूबची ताकद-चाचणी, स्लॅबला पाणी मारणारा माणूस. धंदा सचोटीचा राहणार की नाही, हे त्याच रात्री ठरतं. कारण पुढे नियम पाळायची इच्छा झाली तरी त्यासाठी पैसे उरलेले नसतात.

(दृश्य: स्लॅबखालचे टेकू, जवळून.)

हे टेकू बघा. भारतीय मानक ४५६ सांगतं, साध्या पोर्टलंड सिमेंटचा स्लॅब असेल आणि गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल, तर टेकू किमान ७ दिवस ठेवायचे. गाळा मोठा असेल तर १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४, त्याहून लांब असेल तर २१. पण हे साहित्य भाड्याचं, आणि दुसऱ्या साइटवर त्याची वाट बघणं चाललेलं. दरात तेवढ्या दिवसांचं भाडं धरलेलं असेल तर ठेकेदार निवांत थांबतो. नसेल तर मुकादमाला फोन जातो, ‘उद्या खोला.’

घाईचा शेवट महाराष्ट्राने पाहिलाय. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याच्या शीळ भागात बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. त्यात तिथेच राहणारे कामगार आणि त्यांची मुलंही होती.

(दृश्य: एक मिस्त्री लोखंडी साच्यात काँक्रीट भरतोय.)

हा दीडशे मिलिमीटरचा क्यूबचा साचा. काँक्रीट तीन थरांत भरायचं, प्रत्येक थराला सळईने किमान ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी क्यूब साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे आणि २८ व्या दिवशी प्रयोगशाळेत फोडायचे. वीस घनमीटरचा स्लॅब असेल तर मानकानुसार किमान तीन नमुने, आणि एका नमुन्याचे तीन क्यूब. पूर्ण घराच्या खर्चात हा खर्च किरकोळ आहे. तरीही सगळ्यात आधी तोच टाळला जातो, याचं वाईट वाटतं.

नाक्यावरून आणलेल्या माणसांचंही तसंच. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवायला आधीच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदाराने हजेरी नीट ठेवली आणि दाखल्यावर सही दिली, तर त्या गवंड्याच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळू शकते. मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातूनच मुख्यतः येतो. तो भरायचा आणि दाखला द्यायला मात्र टाळाटाळ करायची, हे बरोबर नाही.

आता पैशाचं. दहा लाखांचं बिल दिलं की त्यावर अठरा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार जीएसटी. खरेदीवर दिलेला कर वजा करून उरलेली रक्कम नेहमीच्या मासिक पद्धतीत पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायची, मालकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. वर टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच वळता केलेला आयकर, कापला जातो आणि अनेक कामांवर मालकाने राखून ठेवलेली सुरक्षा अनामत अडकून राहते. कागदावर नफ्यात असलेले ठेकेदार इथेच बुडतात. पहिलं काम छोटं घ्यावं आणि दोन-तीन महिन्यांची मजुरी हातात ठेवूनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: डोंबिवली. इमारतींच्या रांगा.)

स्वतः फ्लॅट बांधून विकायचे असतील तर जबाबदारी आणखी वाढते. प्रकल्प अगदी लहान नसेल, तर महारेराची, म्हणजे रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते जमीन व बांधकामासाठीच वापरायचे. इथे डोंबिवली परिसरात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी हीच नोंदणी मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घरं घेणाऱ्यांनी नोंदणी क्रमांकावर विश्वास ठेवला होता, कर्जं काढली होती.

ताबा दिल्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायदा सांगतो. तेव्हा बिल्डर ठेकेदाराकडे येतो. ज्याच्या फायलीत तारखेसह क्यूबचे अहवाल, सळईची चाचणी प्रमाणपत्रं, टेकू काढल्याची नोंद आणि बदलांवर मालकाच्या सह्या असतात, त्याला तेव्हा समोरासमोर बसून बोलता येतं.