तेउवो तूलिओ यांचा अखेरचा चित्रपट

मित्रहो, ‘सेन्सुएला’ हा चित्रपट १९७३ साली फिनलंडमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे दिग्दर्शक तेउवो तूलिओ यांनी वयाची साठी गाठली होती आणि त्यांचा आधीचा चित्रपट येऊन सतरा वर्षे लोटली होती. शृंगारपट म्हणून त्याची जाहिरात झाली, समीक्षकांनी तो झिडकारला, प्रेक्षकांनीही पाठ फिरवली आणि तूलिओंची कारकीर्द तिथेच संपली. मला मात्र हा चित्रपट केवळ फसलेला म्हणून बाजूला ठेवता येत नाही. एकच दुःख सत्तावीस वर्षांनी पुन्हा सांगू पाहणाऱ्या माणसाचे ते काम आहे, आणि त्या दुःखावरची त्याची श्रद्धा तसूभरही कमी झालेली नव्हती.

कथा साधी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक जर्मन वैमानिक फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या लॅपलंडच्या बर्फात कोसळतो. रेनडिअर पाळणाऱ्या सामी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, कुटुंबातली लैला त्याची शुश्रूषा करते आणि त्याच्या प्रेमात पडते. पुढे हा हान्स तिला हेलसिंकीला आणतो. बापाचे घर, बापाचा शब्द, सारे मागे टाकून ती येते आणि इथे तिला कळते की ज्याच्यासाठी सर्वस्व सोडले तो बाहेरख्याली आहे, एका स्त्रीशी बांधून राहणे त्याच्या स्वभावातच नाही. तिथून लैलाची घसरण सुरू होते, ती देहविक्रयापर्यंत.

ही गोष्ट तूलिओंनी पहिल्यांदा सांगितली ती १९४६ साली, ‘रक्काउदेन रिस्ती’ म्हणजे ‘प्रेमाचा क्रूस’ या चित्रपटात. तिथे लॅपलंडऐवजी समुद्रातले दीपगृह होते, दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी होती आणि जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला शहरी पुरुष होता. दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी रशियन लेखक पुश्किनची एक कथा आहे, टपालचौकीवरच्या गरीब अधिकाऱ्याची आणि त्याच्या पळून गेलेल्या मुलीची. तूलिओंचा जन्म १९१२ साली सेंट पीटर्सबर्गचा, मूळ नाव थिओडोर तुगाइ. लहानपणीच फिनलंडमध्ये आलेल्या या मुलाला पुश्किन परका नव्हता. मात्र पुश्किनची सहानुभूती बापाकडे अधिक आहे, तर तूलिओंची नजर मुलीवरून हटत नाही. १९४६च्या चित्रपटात एक चित्रकार त्या मुलीला क्रूसावर खिळलेली रंगवतो. स्त्रीच्या देहाला आणि तिच्या यातनेला एकाच चौकटीत बसवणारे ते दृश्य त्या काळात किती धाडसाचे होते, हे आज पाहतानाही जाणवते.

त्या वर्षांतल्या तूलिओंबद्दल बोलताना रेगिना लिन्नानहेइमो यांचे नाव घ्यावेच लागते. त्या केवळ नायिका नव्हत्या, पटकथेतही त्यांचा हात असे. १९४६ मध्येच आलेल्या ‘लेवोतोन वेरी’ या चित्रपटात त्यांनी दृष्टी गमावलेल्या पत्नीची भूमिका केली आहे. तिचा नवरा आणि तिची सख्खी बहीण एकमेकांकडे ओढले जातात. पुढे पत्नीची दृष्टी परत येते, पण ती हे कोणालाही सांगत नाही. काळा चष्मा तसाच ठेवून ती आपल्याच घरात घडणारी प्रतारणा डोळ्यांदेखत पाहते. नवरा आणि बहीण निर्धास्त आहेत, कारण त्यांच्या लेखी ती आंधळी आहे, आणि आपण प्रेक्षक तिच्या चष्म्याआडून त्यांच्या नजरानजरेकडे पाहत राहतो. प्रतारणेवर इतका शृंगारिक आणि इतका निर्दय प्रसंग मी क्वचितच पाहिला आहे. त्यात कोणाचेही वस्त्र उतरत नाही. इच्छा, मत्सर, अपमान हे सारे चेहऱ्यावरच्या प्रकाशातून आणि ओठांच्या कंपातून येते. फेसाळणारे नदीचे धबधबे, ज्वाला, वादळ ही तूलिओंची शृंगाराची भाषा होती, आणि ती भाषा घडली होती उघड दाखवण्याला मनाई असलेल्या काळात.

‘सेन्सुएला’ची अडचण इथून सुरू होते असे मला वाटते. तो बनत होता तेव्हा नग्नता दाखवणे शक्य झाले होते, उत्तर युरोपातल्या चित्रपटगृहांत ती सर्रास दिसू लागली होती. तूलिओंनीही ती दाखवली, भडक रंगांत दाखवली, पण कथेचा श्वास मात्र १९४६चाच राहिला. लिन्नानहेइमो १९५६ नंतर पडद्यावर नव्हत्या, लैलाची भूमिका मरियाने मार्डी या नव्या अभिनेत्रीकडे गेली. मागे मोठा स्टुडिओ नव्हता. तूलिओ अनेक वर्षे स्वतःच निर्माते होते आणि हे कामही त्यांनी स्वतःच्याच जबाबदारीवर रेटले. ते इतके लांबले की लैलाच्या बापाची, आस्लाकची, भूमिका करणारे ज्येष्ठ नट ओस्सी एल्स्तेला १९६९ साली वारले आणि त्यानंतर चार वर्षांनी प्रेक्षकांनी त्यांना या चित्रपटात पाहिले.

या रेंगाळण्याची खूण चित्रपटाच्या अंगावर उमटली आहे. युद्धकाळात प्रेमात पडलेली लैला हेलसिंकीत येते ती थेट साठच्या दशकाच्या अखेरीला, तोकड्या झग्यांच्या आणि पार्ट्यांच्या शहरात, आणि मधल्या वीसेक वर्षांत तिच्या चेहऱ्यावर एक सुरकुतीही पडलेली नसते. समीक्षकांना हे हास्यास्पद वाटले. मला त्यात काळ न जुमानणाऱ्या लोककथेची चाल दिसते, जिच्यात फसवली गेलेली मुलगी नेहमी तेवढ्याच वयाची असते. एक दोष मात्र मी झाकणार नाही. सामी माणसे, त्यांचे पोशाख, रेनडिअरांचे खच्चीकरण, हे सारे तूलिओंनी शहरी प्रेक्षकाला चाळवण्यासाठी वापरले आहे. लैलाच्या वेदनेविषयी त्यांना जी आस्था आहे, ती तिच्या समाजाच्या वाट्याला आलेली नाही.

अपयशानंतर तूलिओंनी चित्रपटव्यवसाय सोडला आणि आपल्या चित्रपटांच्या प्रदर्शनालाच नकार दिला. तरुणपणी, मूकपटांच्या काळात, वालेंतिन वाला या मित्राच्या दिग्दर्शनाखाली ते नायक म्हणून चमकले होते. त्या दोघांनी आपला ‘मुस्तात सिल्मात’ हा १९२९चा चित्रपट नापसंत ठरवून त्याची निगेटिव्ह समुद्रात बुडवली होती. पुढे १९५९ साली आदम्स-फिल्मी या कंपनीच्या आगीत तूलिओंनी दिग्दर्शित केलेले पहिले तीन चित्रपट जळाले. त्यांतल्या एकाचे काही तुकडे तेवढे पुढे फ्रान्समध्ये सापडले. जुन्या काळची, चटकन पेट घेणारी नायट्रेटची फिल्म पेटली की काय उरते, हे २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आगीनंतर आपणही पाहिले आहे. ज्याचे इतके समुद्राने आणि आगीने नेले, त्याने उरलेलेही लोकांच्या नजरेआड ठेवावे, याचे मला फार वाईट वाटते.

जून २००० मध्ये तूलिओ वारले. हक्क फिनलंडच्या चित्रपट संग्रहालयाकडे गेले आणि चित्रपट पुन्हा दिसू लागले. आकी काउरिस्माकी यांच्यासारख्या नामवंत फिनिश दिग्दर्शकाने त्यांचे ऋण मोकळेपणाने मानले आहे.

मध्यंतरानंतर आपण ‘लेवोतोन वेरी’ पाहणार आहोत. दृष्टी परत आल्यानंतरच्या प्रसंगांत लिन्नानहेइमो यांच्या डोळ्यांवर चष्मा असेल, तेव्हा त्यांच्या हातांकडे लक्ष द्या. ज्या वस्तू दिसत आहेत त्या न दिसल्यासारख्या चाचपडणारे ते हात आहेत, आणि नवऱ्याच्या कोटाजवळ येताच ते क्षणभर थांबतात की काय, ते मला नंतर सांगा.