डॉक्टरला दाखवा म्हणजे नेमकं कुणाला?

(दृश्य: जिल्हा रुग्णालय. केस पेपरची खिडकी.)

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि सिव्हिलच्या केस पेपरची रांग पार पार्किंगपर्यंत गेलीय. खिडकीतला माणूस मान वर न करता एकच प्रश्न विचारतोय, काय होतंय? ताप. खोकला. गुडघा. मग एका ताईंचा नंबर येतो, चाळिशीच्या आसपासच्या असतील, तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आल्यात, त्या इतक्या हळू बोलतात की समोरच्यालाही ऐकू जात नाही. "अहो मोठ्यानं बोला की." ताई गप्प. शेवटी सोबत आलेली जाऊ पुढे होते आणि म्हणते, "ते टेन्शनचे डॉक्टर असतात ना, त्यांचा द्या."

ताईंचं नाव, गाव सांगणार नाही आणि चेहराही दाखवणार नाही, तसं बोलूनच आम्ही कॅमेरा काढलाय.

ताई शिवणकाम करतात. म्हणजे करायच्या. घरात मशीनच्या शेजारी पिशव्यांचा ढीग पडलाय, प्रत्येक पिशवीत ब्लाउजपीस, मापाचा जुना ब्लाउज आणि टाचणीनं लावलेली नावाची चिठ्ठी. दिवाळीचं काम संक्रांतीपर्यंत तसंच पडून, गिऱ्हाईक दारात आलं की ताई आतल्या खोलीत जाऊन झोपायच्या आणि मुलीला सांगायच्या, सांग आई बाहेर गेलीय.

पण कुणाला विचाराल तर ताईंना काय होत होतं? पाठ दुखत होती. ॲसिडिटी होती. डोकं जड, झोप मोडायची ती पहाटे तीनला आणि मग काही केल्या लागायची नाही. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, ताकदीची इंजेक्शनं झाली, एक्स-रे झाला, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. मग कुणीतरी म्हणालं बाहेरचं काहीतरी असेल, मग नारळ, लिंबू, अमावस्या, तेही झालं आणि त्यात जेवढे पैसे गेले ते एमडी डॉक्टरच्या फीपेक्षा नक्कीच जास्त होते. आम्ही हे हसायला सांगत नाहीये. आपल्याकडे डिप्रेशन पुष्कळदा अंगातूनच बोलतं, मला उदास वाटतंय असं म्हणत दवाखान्यात येणारी माणसं थोडी, कंबर धरून येणारी जास्त.

शेवटी मार्ग दाखवला तो आशाताईंनी. लसीकरणाच्या यादीसाठी घरी आल्या होत्या, पिशव्यांचा ढीग बघितला आणि विचारलं, काय गं, मशीन बंद पडलंय का? मशीन चालू होतं.

(दृश्य: ओपीडीचा बोर्ड, बाक, वाट बघणारी माणसं.)

२०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्सनं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, १२ राज्यांत मोठा सर्व्हे केला होता, महाराष्ट्र त्यात नव्हता, पण जे हाती आलं ते आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. साधारण २० मोठ्या माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन आणि ज्यांना आहे त्यातल्या जवळपास ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. देशात लाख लोकांमागे धड एक मानसोपचारतज्ज्ञ पण येत नाही आणि जे आहेत त्यातले बहुतेक शहरात. म्हणून "अरे डॉक्टरला दाखव ना" हे बोलायला सोपं असतं, पण कुठल्या, कुठे बसतात, किती घेतात हे सांगणारा कुणी भेटत नाही.

तर आधी हे बघू, कोण कोण असतं. एक सायकियाट्रिस्ट, म्हणजे एमबीबीएस करून पुढे एमडी सायकियाट्री, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर, निदान करतात, औषधं लिहितात. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांच्याकडे आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं, ते टेस्ट घेतात, थेरपी म्हणजे बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. आणि तिसरे काउन्सेलर, इथे जरा जपून, कारण त्यात उत्तम शिकलेली, वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही आहेत आणि ऑनलाइन छोटा कोर्स करून इन्स्टाग्रामवर पाटी लावणारी पण आहेत. शिक्षण काय, रजिस्ट्रेशन नंबर काय असं सरळ विचारायचं, यात कसला आलाय उद्धटपणा. प्लंबरला विचारतो की आपण, आधी कुठे काम केलंय म्हणून.

आणि मिळतात कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, काही तालुक्यांच्या दवाखान्यांत ठरलेल्या वारी टीम येते, तो वार आशाताईंना किंवा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात माहीत असतो. मेडिकल कॉलेजं आहेत, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेत, कॉलेजांचे आणि महापालिकेचे नियम वेगळे. खाजगीत शहरात पहिल्या भेटीला हजाराची नोट सहज जाते.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं वेगळी. आपल्याकडे कुणाला चिडवायचं असलं की येरवड्याला पाठवा, ठाण्याला पाठवा म्हणतात, आणि याच भीतीनं माणूस ओपीडीच्या दारातून परत फिरतो की आत गेलो तर ॲडमिट करून टाकतील. डिप्रेशनचे बहुतेक पेशंट ओपीडीतच बरे होतात. केस पेपर घेतात, औषध घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी.

(दृश्य: बंद दार. आवाज फक्त.)

ताई आत गेल्या. डॉक्टर मॅडमनी आधी जावेला सांगितलं, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का? मग बोलावते." हे त्यांनी सांगितलं नसतं तर आपण स्वतः मागायचं. सोबत माणूस असावा, त्याला बाहेरून काय दिसतं तेही डॉक्टरला कळायला हवं, पण काही गोष्टी जावेसमोर, नवऱ्यासमोर निघतच नाहीत.

प्रश्न तसे साधे. झोप कशी आहे, भूक लागते का, पूर्वी जे आवडायचं ते अजून आवडतं का, कधीपासून. दोन आठवड्यांच्या वर, जवळजवळ रोज आणि कामधाम अडेल इतकं असेल तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. मग मॅडमनी त्याच आवाजात विचारलं, "ताई, कधी असं वाटतं का, की नको हे जगणं? स्वतःला काही करून घ्यावं?" ताई रडल्या आणि हो म्हणाल्या. असं विचारल्यानं डोक्यात विचार येतो हा समज चुकीचा आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. घरी कीटकनाशक कुठे ठेवता हेही मॅडमनी विचारलं आणि जावेला आत बोलावून, ताईंना सांगूनच, ते तिथून हलवायला लावलं.

अजून एक प्रश्न होता तो बाहेर बसलेल्यांना विचित्र वाटेल, याआधी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोप नको, अंगात नुसता जोर, खूप बोलणं, खूप खर्च? असं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि मग औषध बदलतं, म्हणून हे लपवायचं नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, जुने रिपोर्ट पिशवीत घालून न्यायचे. आणि काय सांगायचं ते कागदावर लिहून न्यायचं, आत गेल्यावर आठवत नाही.

गोळी मिळाली एसिटालोप्रामची, हे डिप्रेशनवरचं औषध. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही त्याच घरातली. ही झोपेची गोळी नाही आणि हिची चटक लागत नाही. पण गंमत अशी, गंमत कसली, त्रासच, की पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा असं काहीबाही आधी होतं आणि बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. निम्मे लोक इथेच गळतात असं डॉक्टर वैतागून सांगतात. उरलेले गळतात ते बरं वाटल्यावर. ताईंनी पण तेच केलं, दोन महिन्यांनी मशीन सुरू झालं, पिशव्या कमी झाल्या आणि यांनी गोळी बंद केली. चार दिवसांत चक्कर, चिडचिड, मग परत एसटी, परत केस पेपर. मॅडम रागावल्या नाहीत. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालते आणि बंद करायची तर डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

(दृश्य: गोव्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र.)

आणि थेरपी? खरी अडचण इथे आहे. सिव्हिलच्या गर्दीत दर आठवड्याला पाऊण तास बसून बोलणारं माणूस मिळणं अवघड, खाजगीत परवडत नाही आणि ॲपवर बघाल तर निम्मा कारभार इंग्रजीत, सासूबद्दल इंग्रजीतनं काय सांगणार? पण सगळं काम डिग्रीवाल्यांनीच करायला हवं असं नाही हे इथे गोव्यातच दिसलंय. संगाथ संस्थेनं गोव्याच्या आरोग्य केंद्रांत साध्या स्थानिक माणसांना ट्रेनिंग दिलं, सहा ते आठ भेटी, बोलायचं आणि बंद पडलेली छोटी छोटी कामं परत सुरू करून द्यायची. २०१७ साली निकाल छापून आला, तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९. त्याच वर्षी अमरावतीच्या ३० गावांतल्या विश्राम प्रकल्पाचे आकडे आले. डिप्रेशन असलेल्या १०० जणांतले मदत घेणारे जेमतेम ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले, गावातलीच माणसं दारोदार जाऊन बोलली म्हणून. प्रकल्प संपतात हो, पण रीत कळलीय, आता प्रत्येक पीएचसीत असं एक माणूस बसवायला सरकारला कोण अडवतंय?

तोपर्यंत फोन आहे. टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी काउन्सेलर बोलतात, गरज पडली तर पुढे सायकियाट्रिस्टला जोडून देतात, जवळची ओपीडी कुठली तेही विचारता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील तर वाट बघायची नाही, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, थेट कॅज्युअल्टीत न्यायचं. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न केलेल्या माणसावर खटला भरणं जवळपास बंद केलंय आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलंय.

त्याच कायद्यात विम्याचं पण आहे, शरीराच्या आजाराला मिळतो तसा मनाच्या आजारालाही विमा द्यायचा. पुष्कळ पॉलिसीत ओपीडीचा खर्च मुळातच धरत नाहीत, त्यामुळे ॲडमिट झाल्यावरच त्याचा उपयोग होतो. तिथेही क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्याच तक्रार विभागात द्या आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा, त्याला फी लागत नाही.